बांबूएवढी वाट

अब्बा, आपल्या ओढ्यावरचा जुना पूल पाडला. नवा उभा राहिला, त्यावरून गाड्याही सुरू झाल्या. तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी मधोमध उभे राहून टाच आपटून पाहिली असती, गॅरेजात ट्रकचा पाटा ठोकून पाहायचात तशी. मी कठड्याला नुसता हात लावून आले.

खरं तर सगळं सुरू झालं आपल्या अंगणापासून. गॅरेज केव्हाच बंद झालं, घराला कुलूप आहे आणि मी वाकडला लेकाकडे असते. बांधकाम खात्याचा एक तरुण इंजिनियर मला शोधत तिथवर आला. नवा पूल होईपर्यंत गाड्या ओढ्यातून वळवायच्या, आणि तिथे उतरायला आपल्या अंगणाशिवाय जागा नाही. जमीन घ्यायची नव्हती. काम संपेपर्यंत तात्पुरती वहिवाट हवी होती, नंतर "होतं तसं करून" परत देणार होते. वहिवाट हा शब्द ऐकला आणि मला तुमचा बांबू दिसला.

बासी ईदेची, ईदच्या दुसऱ्या दिवसाची, सकाळ आहे. अम्मीने मोठं पातेलं शीरखुर्मा दारात आणून ठेवलाय. वर्षभर सगळं महाळुंगे आपल्या अंगणातून पुलाकडे जातं, कुणी सायकलवर, कुणी डोक्यावर कांद्याची पाटी घेऊन. आज मात्र तुम्ही घर आणि गॅरेजच्या मधल्या वाटेवर बांबू आडवा टाकून शेजारी खुर्ची मांडली आहे. कधीच न अडवलेली वाट लोकांच्या हक्काची होऊन बसते, हे तहसीलमध्ये कुणीतरी तुम्हाला सांगितलेलं. म्हणून वर्षातून हा एक दिवस.

"काय मिस्त्री, आज रस्ता बंद व्हय?"

"विचार, मग उघडतो."

"बरं, जाऊ का?"

"आधी वाटी संपव."

मागून कुणीतरी ओरडतं, "मिस्त्री, त्याला इचारा, सकाळधरनं तिसऱ्यांदा कामाला चाललाय ह्यो!" तुम्ही हसता आणि त्याचीही वाटी पुन्हा भरता. मी कॉन्व्हेंटचा गणवेश घालून दारात उभी आहे, लाजेने अर्धी झालेली. लोक हसतात, अब्बा, बंद करा हे, असं मी म्हणते. तुम्ही माझ्याकडे वळता. आवाज चढवत नाही, तुम्ही कधीच चढवला नाही. "शाळेत दारात उभी राहून रोज विचारतेस ना, मे आय कम इन? सिस्टर काय तुला हाकलायला विचारायला लावते?" तेव्हा मी पाय आपटत निघून गेले होते.

इंजिनियरने दिलेला वहिवाटीचा कागद मी बरेच दिवस टेबलावर ठेवला. कांदा लावणाऱ्या शेजारच्या मावशी अजून आहेत. त्या म्हणाल्या, "सही करू नगं, बाई. हितं तात्पुरतं म्हून आलेलं कंदी उठलंय का? आंगण गेलं समज." त्या चुकीचं बोलत नव्हत्या. आपल्याकडे तात्पुरत्या टपऱ्यांना नातवंडं झाली आहेत. पण जुन्या पुलाचा कठडा एका बाजूने ओढ्यात गेला होता, आणि कंपनीच्या भरलेल्या बसगाड्या त्यावरून जाताना मी पाहिल्या होत्या. दुसरीकडे, अंगण गेलं तर तुमचं म्हणावं असं इथे कुलपातल्या घराशिवाय काही उरणार नव्हतं. शेवटी मी इंजिनियरला एकच अट सांगितली, बासी ईदेला बांबू टाकायचा आणि विचारेल त्याला शीरखुर्म्याची वाटी देऊन सोडायचं. तो मनापासून हसला. "मॅडम, कंटेनरवाल्यांना वाट्या देणार का? पार चौकापर्यंत लाइन लागेल." खरंच होतं ते. मी अट सोडली आणि सही केली.

त्या वर्षीच्या बासी ईदेला मी शीरखुर्म्याचा डबा आणि वाट्या घेऊन अंगणाच्या कडेला खुर्चीवर बसले. ट्रक धूळ उडवत जात होते. कुणी विचारलं नाही; विचारायचं असतं हे त्यांना कुठून माहीत असणार? दुपारी इंजिनियर चालत आला, हेल्मेट काखेत धरून माझ्यासमोर थांबला. "मॅडम, जाऊ का?" मी म्हणाले, "आधी वाटी संपव." आवाज तुमचा निघाला, अब्बा.

परवा अंगण परत मिळालं. वरची खडी उचलली होती, माती सपाट केली होती. आणि कडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नवी कोरी भिंत. इंजिनियरचा चेहरा फुललेला. "मॅडम, ही आमच्याकडून. आता कुणी घुसायचं नाव काढणार नाही." मी त्याचे आभार मानणार, इतक्यात पलीकडून कंपनीचे कोट घातलेल्या दोन बायका डबे हलवत जुन्या सवयीने आल्या. भिंतीपाशी थबकल्या. एक म्हणाली, "इथून होतं की गं." मग दोघी लांबच्या रस्त्याला लागल्या.

मी त्याला म्हटलं, मधे फोडा. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. "फोडू? केवढी?" बांबूएवढी, मी म्हणाले, "होतं तसं." मग बांबू शोधायला गेले, तर तो जागेवर नव्हता, कामात कुठेतरी टेकूला लागला असेल.

पूल झाला एवढंच सांगायला बसले होते. हे पत्र कुठे टाकणार, घडी घालून अम्मीच्या पातेल्यात ठेवेन. एक तेवढं राहिलं. बांबू नव्हता म्हणून मी हात पसरून माप दाखवलं, आणि हात जरा जास्तच पसरले गेले. वाट तुमच्यापेक्षा रुंद झाली आहे, अब्बा. पुढच्या बासी ईदेला तुमचा बांबू सापडला, तरी तो पुरायचा नाही.