तोकड्या शेपटीची चाळीस विमाने

ओबरहाइम विमानतळ वसाहत,
२ मार्च १९४२

प्रिय वाल्बुर्गा योसेफा रॉयटर,
स. न. वि. वि.

तुला जाऊन सहा आठवडे झाले. तरी हा वृत्तान्त तुलाच कळवणे मला उचित वाटते. या जड लढाऊ विमानाची पहिली आकडेमोड तुझ्या हातची. शेपटी तोकडी असल्याचे तूच दाखवलेस आणि अशी कोंबडी तुझी आई बाजारातही नेणार नाही, असे म्हणालीस.

काल, मंजुरीची सही करण्याआधी, नियमाप्रमाणे मागच्या आसनावर बसून मी चाचणीस गेलो. जोराने वळताच, काही सूचना न देता, एक पंख खाली गेला आणि विमान भोवऱ्यासारखे गरगरले. वैमानिकाने ते झाडांच्या जेमतेम वर सावरले. शेपटी एक मीटरने लांबवावी, असे मी लिहून दिले. चाचणीप्रमुख टाउबर यांचे म्हणणे, तयार चाळीस विमाने आहेत तशीच मंजूर करावीत. ती तुझ्या भावाच्या, सेवेरिनच्या तुकडीकडे जायची आहेत.

तुझा,
कोन्राड

८ मार्च

प्रिय दाजी,
सा. न. वि. वि.

चाळीस विमानांबद्दलचं तुमचं पत्र मिळालं. हे उत्तर मित्राच्या हाती देतोय. टपाल फोडून वाचणाऱ्या तपासनिसाची फुकट करमणूक नको. तुमच्या त्या गुणी जातीची पहिली दोन विमानं आमच्याकडे आधीच आलीत. उतरताना अडेल गाईसारखी आडवी जातात. वरून हुकूम आहे, तीव्र वळण घेऊ नये. मी कॅप्टनला विचारलं, शत्रू मागे लागला तर मिरवणुकीत मेणबत्ती धरल्यासारखं सरळ जाऊ का? तो म्हणाला, जा, आणि मेणबत्ती विझू देऊ नकोस. सोमवारी तो स्वतःच वळला. त्याच्या आईला मी कळवलं.

ती चाळीस इथे येऊ देऊ नका, दाजी. ताईनं तुमचा कान धरून हेच सांगितलं असतं. आणि पाव-कांद्यावर दिवस काढू नका. लोभ आहेच; मी परतेपर्यंत पुरवून वापरा.

तुमचा,
सेवेरिन

१४ मार्च

प्रिय वाल्बुर्गा,
स. न. वि. वि.

मंजुरीच्या चाळीसही कागदांवर मी 'उड्डाणास अयोग्य' असे लिहून खाली पूर्ण नाव घातले. टाउबर म्हणाले, विधुराला भलते विचार सुचतात. सही ते स्वतः करतील. मी त्यांस नियम दाखवला: सही करणाऱ्याने आधी मागच्या आसनावर बसून उडावे. हवाई छत्री त्यांच्या मेजावर ठेवली. पट्टे त्यांच्या पोटाच्या मापाने सैल करून दिले. त्यांनी लेखणी बराच वेळ हातात धरली, मग खाली ठेवली.

आज शेपट्या कापून लांबवण्याचे काम सुरू झाले. मला आघाडीवर धाडण्याचा आणि दुपारपर्यंत घर सोडण्याचा हुकूम आला आहे. मला खंत नाही. तुझी आकडेमोडीची वही कोटाच्या आत आहे. तुझा लोभ थांबला, असे मी मानत नाही.

तुझा,
कोन्राड

ता. क. बारा वाजता दारास कुलूप घातले व किल्ल्या वसाहत कचेरीत परत केल्या.