आठवड्यातून एकदा हाताने फिरवावे

४ नोव्हेंबर

आलो एकदाचे वसईला. सांगलीहून बिऱ्हाड निघालं तेव्हा वाटलं होतं, निम्मी भांडी वाटेतच राम म्हणतील. पण फुटली ती फक्त लोणच्याची बरणी, तीही टेम्पो दारात उभा राहिल्यावर, अप्पांच्या हातून. घर उमेळ्यात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गॅलरीखाली केळीची वाडी आहे, म्हणजे अर्धी आहे. उरलेल्या अर्ध्या वाडीला निळे पत्रे लावलेत, तिथे इमारत येणार म्हणे.

अप्पा खूश आहेत. जन्म पोस्टमनकीत गेला. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण ती बातमी अजून पायांपर्यंत पोचलेली नाही. मी खोकी उघडत होते तेवढ्यात चपला अडकवून पसार झाले आणि राजेळी केळ्यांची फणी घेऊन परतले. गिरीजपर्यंत वाड्याच वाड्या आहेत आणि रस्ता सावलीचा आहे, असा अहवाल दिला. आई गेल्यापासून इतकं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. फार बरं वाटलं.

७ नोव्हेंबर

नव्या नोकरीत रुजू झाले. वसई पूर्वेला, गाळ्यांच्या गर्दीत आमची छोटीशी प्रयोगशाळा आहे. काम काय, तर बेअरिंग मरेपर्यंत फिरवायचं आणि मेलं की का मेलं ते शोधायचं. एका ओळीत पोलादाची, दुसरीत सिरॅमिकच्या पांढऱ्या गोळ्यांची, तिसरीत प्लास्टिकची. प्रमुख प्लासिड सर, गिरीजचेच, बोलणं इतकं हळू की मशीन चालू असताना त्यांचे फक्त ओठ हलताना दिसतात. मशीन सांभाळायला अर्नाळ्याचा हरेश्वर. तो मात्र मशीनपेक्षा मोठ्यानं बोलतो.

संध्याकाळी अप्पांना समजावलं की धातूलाही थकवा येतो. तोच भार पुन्हा पुन्हा सोसून पोलादाच्या पोटात तडा जातो. वरून आरशासारखं चकचकीत दिसतं आणि एक दिवस टवका उडतो. सिरॅमिक बराच काळ टिकतं, पण तुटतं ते न सांगता. प्लास्टिक रोज थोडं थोडं झिजतं. अप्पांनी विचारलं, मग मी यातला कोणता? मी म्हटलं, प्लास्टिक. ते म्हणाले, चालेल, झिजू पण मोडायचं नाही.

१२ नोव्हेंबर

आज सरांची बोलणी खाल्ली, हळू आवाजातली, पण बोलणीच. मागच्या खोलीत जादा विजेच्या मोटारी ठेवल्यात. प्रत्येकीवर कागद चिकटवलाय: 'आठवड्यातून एकदा हाताने फिरवावे'. हरेश्वर दर सोमवारी त्या हातानं फिरवतो. मी थट्टेनं म्हटलं, हा काय सोमवारचा अभिषेक? सरांनी एक बेअरिंग उघडून दाखवलं. कधीच न चाललेलं, कोरं. तरी आतल्या कड्यावर सारख्या अंतरावर खळगे, जिथे जिथे गोळी टेकून होती तिथे तिथे. शेजारच्या मशीनचे हादरे बसत राहतात, गोळी जागची हलत नाही, खालचं ग्रीस निघून जातं आणि ती आपलीच जागा खात बसते. म्हणून फिरवायचं. चूक मान्य केली आणि दोन मोटारी स्वतः फिरवल्या.

मग राग गेल्यावर सरांनी मला कांडी दिली. मेकॅनिक लोक स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून बेअरिंग ऐकतात, तशीच, पण ही सिरॅमिकची, शुभ्र, लाकडी मुठीची. टवका उडायच्या आधी पोलाद आतून टिचकी वाजवतं, ती हिच्यातून स्पष्ट ऐकू येते. मला पहिल्याच दिवशी आली. सर म्हणाले, तुझा कान चांगला आहे. सांगताना त्यांना आनंद झालेला दिसला नाही.

२० नोव्हेंबर

पत्र्यांमागे खांब ठोकायचं यंत्र आलंय. धप्प, थोडा वेळ शांतता, पुन्हा धप्प. प्रत्येक घावाला मांडणीतले पेले किणकिणतात. अप्पा म्हणतात, देवळाच्या शेजारी घर मिळालं असं समजायचं. कांडी घरी आणली होती. अप्पांनी फ्रिज ऐकला, मिक्सर ऐकला, स्टुलावर चढून पंखा ऐकला. पंखा कण्हतोय म्हणाले. लहान मुलासारखे खेळत होते. मला खूप हसू आलं.

२८ नोव्हेंबर

एक विचित्र गोष्ट. मशीन ऐकत होते. टोक सरकू नये म्हणून हरेश्वरनं ते आपल्या गुडघ्यानं दाबून धरलं होतं. तेवढ्यात मशीन बंद झालं आणि त्यानं भार या पायावरून त्या पायावर घेतला. टिच्. मी कान काढला नाही. त्यानं पुन्हा पाय बदलला. टिच्. "मशीन बंद हाय म्याडम, आता कोन बोलतंय तुमच्याशी?" म्हणून तो हसला. मीही हसले. पण तो आवाज मी ओळखते. वाळूचा कण दाताखाली यावा तसा असतो.

४ डिसेंबर

हरेश्वरचा पाय मोडला. पडला नाही, घसरला नाही. प्रयोगशाळेची एक पायरी उतरला आणि मांडीचं हाड सुकलेल्या काटकीसारखं मोडलं. मी मागेच होते. डॉक्टर म्हणाले, धडधाकट माणूस, असं होऊ नये.

सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, वेड्यात काढतील. ते खाली बघत राहिले आणि म्हणाले, कांडी माणसाला लावत जाऊ नकोस. ऐकू येतं, पण त्याचं काही करता येत नाही. मी विचारलं, काहीच नाही? ते म्हणाले, पोलादातला तडा भरून येत नाही. भार काढला, तर आहे तिथे थांबतो, एवढंच. हाड जिवंत असतं, ते भरून येतं, असं मी म्हटलं. त्यांनी विचारलं, मग हरेश्वरचं का आलं नाही?

कांडी त्यांनी कपाटात ठेवली. किल्ली मात्र टेबलावरच राहिली.

८ डिसेंबर

नको होतं करायला. पण कळल्यावर न ऐकता राहणार कशी? अप्पा फिरून आले आणि चपला काढत होते. मी गंमत करतेय असं दाखवून कांडी त्यांच्या गुडघ्याला लावली. मग कमरेला, मग पाठीच्या मणक्यांना. सगळीकडे टिच्. नुसते श्वास घेत होते तरी.

त्यांनी विचारलं, काय गं, पंख्यासारखा कण्हतोय का मी? मी म्हटलं, छे, एकदम झकास. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

१० डिसेंबर

अप्पांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे स्वच्छ. येणारच स्वच्छ, तडा पोटात असतो. डॉक्टरांनी त्यांची पाठ थोपटली आणि चालणं अजिबात सोडू नका म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या अप्पा माझ्यापुढे भराभर उतरले. मी डोळे मिटून घेतले.

भार काढला तर थांबतो. एवढंच माझ्या हातात आहे.

१३ डिसेंबर

चपला लोखंडी कपाटात बंद केल्या. आज भांडण झालं. मी तुरुंगात आहे का, असं अप्पांनी विचारलं. मग सगळंच सांगितलं: हरेश्वर, टिचकी, सगळं.  ते म्हणाले, तू त्यातली जाणकार, तू म्हणशील तसं. आयुष्यभर ते माझ्यावर असाच विश्वास टाकत आलेत. पलंग गॅलरीच्या दाराशी सरकवला, म्हणजे वाडी दिसेल. रजा टाकली.

२० डिसेंबर

अप्पा पूर्ण पडून. जेवण मी भरवते, बाकीचंही सगळं पलंगावरच. संकोचानं मान फिरवतात. काल सवयीनं पाय हलायला लागले म्हणून चादर गादीखाली घट्ट खोचली.

पण आज कांडी लावली आणि टिचकी नाही! गुडघा शांत, कंबर शांत, मणके शांत. थांबलाय. देवापुढे साखर ठेवली. अप्पांना सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, मग आता गिरीजला जाऊन येऊ? मीही हसले. काम फत्ते झालंय, आता फक्त जपायचं.

२९ डिसेंबर

खाली दुसरं यंत्रही आलं. आता दिवसभर अखंड. पेले मांडणीतून काढून फडक्यांत गुंडाळून ठेवले. अप्पा कमी बोलतात. वाडीतली शेवटची केळ तोडली तेव्हा त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं.

सरांचे फोन येतात. कांडी मागतील म्हणून उचलत नाही.

६ जानेवारी

अप्पांना दुखतंय. असं दुखणं कधी पाहिलं नाही. पाठीत, कमरेत, टाचांत — जिथे जिथे अंग गादीला टेकतं तिथेच. आणि सारख्या अंतरावर. बोट ठेवून दाखवलं. म्हणाले, आत बसून कुणीतरी पोस्टाचे शिक्के मारतंय.

मी म्हटलं, हलू नका, हलू नका फक्त.

९ जानेवारी

कांडी लावायचं धाडस होत नव्हतं. आज लावली.

टिचकी नाही. दुसरंच काहीतरी आहे. खाली धप्प होतं आणि अप्पांच्या हाडांत — तसंच, बारीक — धप्प. ते हलत नाहीत, श्वासही धरून ठेवलाय. तरी धप्प. प्रत्येक घावाला. मणक्यात, खुब्यात, सगळ्या सांध्यांत एकाच वेळी.

हे मी कुठे पाहिलंय? पाहिलंय नक्की. आठवत नाही —

१० जानेवारी

सरांना फोन केला. सगळं सांगितलं, अप्पांना किती जपलंय ते. त्यांनी मध्येच थांबवलं. म्हणाले, विनिता, हे मागे काय वाजतंय?

मी म्हटलं, खांब ठोकतात, नोव्हेंबरपासून.

 फोन चालू होता, श्वास ऐकू येत होता. 

मग मला तो कागद आठवला. मागच्या खोलीतला. माझ्या डोळ्यांपुढे उघडलं होतं त्यांनी ते बेअरिंग. कोरं. कधीच न चाललेलं.

मी केलं. हादऱ्यांत त्यांना एका जागी खिळवून ठेवलं. टिचकी घेऊनही ते किती वर्षं चालले असते कोण जाणे. बंद मशीन टिचकी कशी वाजवेल? आणि मी साखर ठेवली देवापुढे.

११ जानेवारी

खाली जाऊन हात जोडले. मुकादम म्हणाला, ताई, परवानगी आहे, काम थांबत नाही. भला माणूस, बसायला खुर्ची दिली.

अप्पांना दुसरीकडे न्यायचं तर तीन जिने. चौघांनी उचलायचं. सकाळी नुसती चादर सैल केली, कूस वळवायला खांद्याखाली हात घातला — आतून घरघर आली. जात्यात खडे घालून फिरवल्यासारखी. कांडी न लावता. माझ्या तळव्याला.

हात काढून घेतला.

१२ जानेवारी

जेवणाची सुट्टी आहे खाली. शांत आहे. भोंगा होईपर्यंत शांत.

अप्पा जागे. चपला मागतायत. गिरीजला नाही म्हणाले, नुसतं दारापर्यंत. म्हणाले, पोरी, पडून मरायचं नाही गं मला.

हलले तर मोडतील. नाही हलले तर पुढचा घाव — आणि त्याच्या पुढचा —

सरांना विचारलं होतं, आता काय करू. ते म्हणाले, मला माहीत असतं तर —

कपाट उघडलं. चपला आणून ठेवल्या पलंगाशी. का ठेवल्या कळत नाही. त्या बघून हसले. किती दिवसांनी —

उठू का, विचारतायत. माझ्याकडे बघतायत. तू म्हणशील तसं.

पाय खाली सोडलाय एक. अंगठा चपलेला लागतोय. हात पुढे केलाय, म्हणतायत, नुसता हात दे, बाकी मी —

भोंगा झाला.

अप्पा, थांबा — नाही, उठा — अप्पा, मी सांगते तसं —