पाण्याची रेघ

८ फेब्रुवारी
आलेख काढला! मी! गावच्या पाणी समितीच्या लॅपटॉपवर, विहिरीच्या पाण्याचा. शिकवायला आलेली संस्थेची सुमेधा नुसती शेजारी बसली होती. "काकू, दाबा बिनधास्त, माउस चावत न्हाई!"

९ फेब्रुवारी
फजिती! शेजारच्या चांगुणाबाईला आलेख दाखवला तर तिने टाळ्याच पिटल्या — "बाई, पाणी चढून राह्यलं की!" चढतंय कुठलं! पाणी जमिनीपासून किती फूट खाली गेलं, त्याची ती रेघ. पाणी खाली, रेघ वर. ग्रामसभेतही अशाच टाळ्या पडल्या तर? सुमेधाला विचारलं, ही रेघ उलटी फिरवता होते का. होते! शून्य वर, जमिनीपाशी. एका चौकटीत खूण केली नि रेघ विहिरीत उतरली.

११ फेब्रुवारी
भारत बोअरवाल्याशी बोलून आला. "आई, मोसंबी उन्हाळा काढणार न्हाई. ग्रामसभा झाली की मशीन येते." बोअर हवंच. यांनी लावलेली बाग. हे गेल्यावर सकाळचं पहिलं बोलणं मी झाडांशीच करते.

१३ फेब्रुवारी
सगळ्या विहिरींचे आलेख असे एकेक उलटवायचे? सुमेधा हसली. "एकदा साचा जपून ठेवा, मंग बघा." टेम्प्लेट म्हणतात. जाड निळी रेघ, मोठी अक्षरं, जमीन वर, सगळ्यांना माप एकच — सगळं त्यात. दुसरा आलेख धरला, साचा लावला — झाला! तिसरा — झाला! चांगुणाबाई म्हणे, "करंज्या करून राह्यली का काय!" हसून हसून डोळ्यांत पाणी. घरी आले, आणि कुणाला सांगू असं झालं.

१४ फेब्रुवारी
माप एक झालं तर दिसलं — आमच्या बागेतल्या विहिरीची रेघ सगळ्यांत खाली.

१६ फेब्रुवारी
ग्रामसभा. आलेख भिंतीवर, हातभर मोठे! समजावून सांगावंच लागलं नाही. मागून आदिनाथभाऊ ओरडले, "अरे, ही तर तळालाच टेकली!" बाया उठून भिंतीपाशी गेल्या, आपापल्या विहिरीवर बोट ठेवून बघू लागल्या. जत्राच! मग चांगुणाबाई म्हणाली, "यंदा नवं बोअर कुणीच घ्यायचं न्हाई. बोला!" हात वर होत गेले. भारत माझ्याकडे बघत होता. मी हात वर केला.

१७ फेब्रुवारी
अर्धी झाडं काढली तर उरलेल्यांना विहीर पुरेल, भारत म्हणतो. कुऱ्हाड घेऊन उभा आहे. कोणती काढायची ते मीच दाखवते म्हटलं.