कवडीला बाजारात नेऊ नका

परभणी, १४ नोव्हेंबर

ती. आबांना राजेश्रीचा नमस्कार.

आज दिवसभर कॉलेजात खाटीकखान्यातून आणलेली मेंढ्यांची अंडाशयं कापून पाहिली. मी बरी आहे.

फोनवर आपल्या कवडी मेंढीचा विषय काढला की तुम्ही फोन ठेवता, म्हणून लिहिते. "तुझी माय गेल्यापास्नं कवडी एडक्याजवळ उभी राहीना. भाकड झाली, शनिवारी इकतो," म्हणालात.

आज एका अंडाशयात टपोरी पिवळी गाठ दिसली. माज येऊन गेला की अशी गाठ होते. गर्भ राहिला नाही तर ती सुकते आणि मेंढी पुन्हा माजावर येते. राहिला तर गाठ टिकते, मग मेंढी एडक्याला जवळ येऊ देत नाही. सोबतची गर्भपिशवी उघडली, तर ही मेंढी गाभण होती.

आमचे शिपाई भुजंगमामा म्हणाले, "कुण्या येड्यानं भाकड म्हणून इकली असंल." मला तिथं बसवेना.

आबा, कवडीला आईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलंय. शुक्रवारी मी येते, तपासून बघू. तोवर थांबा. दोन्ही वेळा जेवता ना?

हे पत्र पालमच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरकडं देते. मग खोलीवर येऊन एकटीपुरता भात टाकते.

तुमची,
राजेश्री