पिना मारलेला धडा

१० जुलै

एकशे बेचाळीस पुस्तकं, प्रत्येकी तीन पिना. आज सगळ्या उपटल्या! उजव्या अंगठ्याचं नख गेलं.

एकोणीस वर्षं विज्ञानाचा दहावा धडा मीच बंद करत आले. नवी पुस्तकं आली की वाटण्याआधी ग्रंथालयात बसायचं आणि त्या बारा पानांना पिना मारायच्या — वर, मधे, खाली. लेखी हुकूम कधीच नव्हता. मोठ्या बाईंनी नुसतं म्हणायचं, "तेवढं बघून घ्या." या बाईंच्या आधीच्या बाईही तेच म्हणायच्या. विज्ञानाचे सर वर्गात सांगायचे, "दहावा घरी वाचा." परीक्षेत त्यावर प्रश्न नाही. सगळे खूश!

यंदाच्याही मारून झाल्या होत्या, आणि परवा परिपत्रक आलं. सगळ्या सरकारी शाळांत आठवीपासून लैंगिक शिक्षण. आठवड्याला एक तास, एकूण सात, मुलं-मुली एकत्र, धडा उघडून. वर्ष प्रायोगिक. आणि तळाशी बारीक अक्षरात — एका जरी पालकाची लेखी तक्रार आली तर चौकशी होईपर्यंत वर्ग बंद.

म्हणजे एक कागद पुरे.

११ जुलै

मोठ्या बाईंनी बोलावलं. विज्ञानाचे सर तयार नाहीत. "मला दोन मुली आहेत," म्हणाले म्हणे. हे काय कारण झालं? मुली आहेत म्हणून तर शिकवायचं ना!

"मग तुम्हीच घ्या," मोठ्या बाई मला म्हणाल्या. मी ग्रंथपाल! "तुमचं लग्न झालेलं नाही, वय झालंय. तुमच्याबद्दल कोण काय बोलणार?"

"म्हणजे ज्याला पोहता येत नाही त्यानेच पोहायला शिकवायचं?"

"येतं ते पाण्यात उतरायला तयार नाहीत हो," त्या म्हणाल्या. बिचाऱ्या खरंच रडकुंडीला आल्या होत्या. मी हो म्हणून आले. का म्हणाले, देव जाणे.

१३ जुलै

धडा वाचला. एक्कावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा. दारं लावून घेऊन! स्वतःचंच हसू आलं.

मग हसू थांबलं. मी शाळेतल्या सगळ्या पुस्तकांवर हात फिरवलाय, पण असं काही वाचलेलं आठवत नाही. मुलगी आईच्या पोटात असते, जन्मायलाही अजून कितीतरी महिने असतात, आणि तेव्हाच तिच्या सगळ्या बीजपेशी तिच्या आत तयार होतात. लाखांनी! पुढे तिला जी मुलं होतील त्यांची सुरुवात तिच्यात तेव्हाच ठेवलेली. हे माझ्यातही होतं. मला कुणी सांगितलंच नाही आणि मी कुणाला कळू दिलं नाही. त्या पानावर पिनांची तीन भोकं आहेत. मला माझीच लाज वाटली.

१४ जुलै

शिकवणीची तालीम म्हणून ताईला धरलं. ती वाटाणे सोलत होती. माझी थोरली बहीण — त्रेसष्ट वर्षांची, तीन मुलं वाढवलेली. भावोजी गेल्यापासून चार वर्षं माझ्याकडेच राहते. तिच्याबरोबर तिची नात, मुंगी. मुंगीचे आईबाप नोकरीपायी परगावी, म्हणून शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून ताईची सही. मुंगी आठवीतच आहे, म्हणजे माझ्याच वर्गात!

"तुला काय शिकवू, तू तर तीन बाळंतपणं केलीस," मी म्हटलं.

ताई म्हणाली, "केली खरी. पण पहिल्या वेळी मला वाटायचं, बेंबी उघडते आणि मूल बाहेर येतं. कळा सुरू झाल्या तेव्हा नर्सला विचारलं, बेंबी कधी उघडणार हो? सगळ्या पोट धरून हसल्या." तीही हसली. "वीस वर्षांची होते गं मी."

मी नाही हसले. आम्ही दोघी एका खोलीत वाढलो आणि मला हे आज कळतंय.

मग तिला बीजपेशींचं सांगितलं. हिशेब तिनेच लावला. वाटाणे तसेच राहिले. "म्हणजे माझी लेक माझ्या पोटात होती तेव्हा मुंगी... मुंगीची सुरुवातही तिथेच होती? माझ्यात?"

"हो."

"म्हणजे मी हिलाही वागवलंय!"

मुंगी बाहेर पायरीवर कुणाशी तरी तावातावाने भांडत होती. ताई उठून दारापर्यंत गेली आणि तिच्याकडे बघत राहिली. कितीतरी वेळ.

१८ जुलै

प्रश्नांसाठी पेटी हवी. ग्रंथालयातली सूचनापेटी काढली. एकोणीस वर्षांत तिच्यात गोळ्यांचे कागद सोडून काही पडलेलं नाही.

पण अडचण वेगळीच आहे. नाव न लिहिता चिठ्ठी टाका म्हणायचं, आणि मला तर प्रत्येकाचं अक्षर ओळखता येतं! पुस्तक नेताना नोंदवहीत सगळे माझ्यासमोर लिहितात. कुणाचा 'र' कसा मोडतो हे मला झोपेतही सांगता येईल. दिवसभर डोकं खाजवलं.

सुचलं! सगळ्यांनी उलट्या हाताने लिहायचं. उजवे डाव्याने, डावरे उजव्याने.

२१ जुलै

पहिला तास. खडू हातातून दोनदा पडला. पहिली दहा मिनिटं नुसतं खिदळणं. मागच्या बाकावर एकाने तोंडात रुमाल कोंबला होता. मी म्हटलं, "हसून घ्या. मलाही धडा वाचताना हसू आलं होतं." मग थांबले आपोआप.

चिठ्ठ्या लिहिताना मात्र काय शांतता! अडतीस मुलं, जिभा बाहेर काढून, उलट्या हाताने अक्षरं कोरतायत. पेटी आधी उघडायची नाही, सगळ्यांसमोरच उघडायची आणि येईल ती चिठ्ठी वाचायची, असं मी कबूल केलं होतं. वाटलं होतं, घाण काहीतरी लिहितील. मोठ्या बाई तर दाराबाहेर त्याच तयारीने उभ्या होत्या.

"माझा आवाज परत पहिल्यासारखा होईल का?"
"पाळी आली की उंची वाढायची थांबते का? मला खेळायचंय."
"मी मुलगा आहे आणि मला रडू येतं. हे वयात आल्यामुळेच का?"
"आई म्हणते मी दवाखान्यातून आणली. ते खोटं आहे हे मला माहीत आहे. पण आईला कसं सांगू की मला माहीत आहे?"

अडतीस चिठ्ठ्या, सगळ्या पाच वर्षांच्या मुलाने लिहिल्यासारख्या. एवढं सगळं डोक्यात घेऊन ही पोरं रोज माझ्यासमोरून जात होती आणि मी त्यांना "आवाज नको" म्हणत होते!

२८ जुलै

दुसरा तास. आज विज्ञानाचे सर स्वतः येऊन मागे बसले. वहीत काहीतरी लिहून घेत होते. जाताना म्हणाले, "घरी सांगतो." एवढंच. लाल झाले होते.

४ ऑगस्ट

तिसरा झाला. तक्रार नाही. रोज कार्यालयाच्या दारावरून जाताना मोठ्या बाईंच्या टेबलाकडे बघते. मला हा वर्ग हवाय. शाळेत काही इतकं हवंसं कधी वाटलेलं आठवत नाही.

७ ऑगस्ट

दुपारी एक माणूस ग्रंथालयाच्या दारात. बसचालकाचा गणवेश, हातात घडी केलेला कागद, चेहरा दगडासारखा. "तो वर्ग तुम्हीच घेता?" मी हो म्हटलं. मनात म्हटलं, संपलं!

त्याने कागद टेबलावर ठेवला. कोरा होता.

"लिहून द्या," म्हणाला. "काय काय आणायचं ते. दुकानात मला बोलता येत नाही. काल पोरीची पाळी सुरू झाली. तिला आई नाही. तिने मला सांगितलं. स्वतःहून! मी गाडी पुसत होतो, आली आणि म्हणाली, बाबा, घाबरू नका, हे असं असतं." त्याचे डोळे भरले. "मला समजावत होती हो ती."

मी लिहून दिलं. किती दिवस, किती तासांनी बदलायचं, पोट दुखलं तर काय करायचं. त्याने सगळं मोठ्याने वाचून पाहिलं, घडी केली आणि वरच्या खिशात ठेवली. तो गेल्यावर अर्धा तास माझ्याच्याने काही काम झालं नाही. तेरा वर्षांची पोर बापाला म्हणते, घाबरू नका! कुठून येतं हे त्यांच्यात?

१८ ऑगस्ट

पाचवा. ताई रोज विचारते, आज काय झालं? मुंगी आणि मी एकदमच बोलतो. जेवण थंड होतं. ताईने चष्म्याचा नंबर बदलून आणला. मुंगीचं पुस्तक वाचायला!

२५ ऑगस्ट

आजचा तास 'नको'वर होता. परिपत्रकात नुसतं लिहिलंय, 'संमती : संकल्पना स्पष्ट करावी.' कशी करावी, काही नाही. मी सरळ म्हटलं, तुमच्या अंगाला कुणी हात लावावा हे तुम्ही ठरवायचं. काका असो, मित्र असो, शिक्षक असो. नको म्हटलं की नको. आणि दुसऱ्याचा नकोही तेवढाच खरा. मग दोघादोघांनी समोरासमोर उभं राहून नुसतं 'नको' म्हणायचं, असं करायला सांगितलं. किती जड जातं त्यांना! निम्म्या मुली हसत म्हणतात, निम्मी मुलं माफी मागून. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुठे आवाज फुटला. मग अख्खा वर्ग दणाणला! शेजारच्या वर्गाचे सर धावत आले.

पेटीतून एक चिठ्ठी निघाली. वाकडी, मोठी अक्षरं. "लग्न झाल्यावर नको म्हणता येतं का?"

मी काय सांगणार, मला काय अनुभव? पण उत्तर आतून आलं. म्हटलं, "येतं. लग्न झालं म्हणून कुणाचं शरीर दुसऱ्याच्या नावावर होत नाही. रोज विचारायचं असतं आणि रोज उत्तर बदलू शकतं."

अडतीस चेहरे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, यासाठीच माझा जन्म झाला असावा. लिहिताना लाज वाटते पण वाटलं खरं!

घरी मुंगीने सगळं करून दाखवलं. खुर्चीवर चढून ती चिठ्ठी, माझं उत्तर, माझा आवाज — हुबेहूब नक्कल. मी हसून हसून दमले. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. जेवली नाही. पित्त झालंय म्हणाली.

२७ ऑगस्ट

ताईचं पित्त अजून आहेच. डॉक्टरांकडे चल म्हटलं तर नको म्हणते.

२९ ऑगस्ट

वर्ग बंद.

तक्रार आली. एकच. मोठ्या बाईंनी कागद दाखवला नाही, नाव गुप्त ठेवायचा नियम आहे. फक्त एक ओळ वाचली : "या वर्गात जे सांगतात ते ऐकल्यावर घरात राहणं अवघड होतं." त्यांचा आवाज पडला होता. "चौकशीला वर्ष लागेल. एकच तास उरला होता हो!"

मी घरी येऊन अक्षरशः भांडी आपटली. जेवताना तोंडाचा पट्टा सुरू. कोण हा शहाणा? काय अवघड झालं याला घरात राहणं? बायकोने काहीतरी विचारलं असेल, मिरच्या झोंबल्या असतील! स्वतः आयुष्यभर कुणाला काही विचारलं नाही, आणि आता अडतीस पोरांच्या तोंडाला कुलूप! मुंगी रडत होती. ताई ऐकत होती. तिने माझं ताट उचललं, धुतलं.

३१ ऑगस्ट

तक्रार ताईची आहे.

सकाळी मुंगी शाळेत गेल्यावर तिनेच सांगितलं. माझ्याकडे न बघता. "नको म्हणता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं गं. चाळीस वर्षं. हे वाईट नव्हते. त्यांनाही कुणी सांगितलं नसेल. मी आपली गप्प पडून राहायची, संपायची वाट बघत. वाटायचं, असंच असतं. आता कळलं, तसं नसतं. तर आता मी काय करू याचं? कुणाला विचारू?"

मग म्हणाली, "उद्या जाऊन अर्ज मागे घेते. तुझ्या वर्गाचं नुकसान केलं मी."

मला वर्ग हवाय. जीव तुटतो. पण त्रेसष्ट वर्षांत ताईने पहिल्यांदा कशाला तरी नको म्हटलंय — लिहून, खाली सही करून. ते मागे घे, असं मी तिला कोणत्या तोंडाने सांगू?