माझा घसा हाय की

आई, आज वेल्ह्याच्या बाजारात एका आजोबांच्या कानाला यंत्र लावलं आणि तेव्हापासून तूच डोक्यात आहेस. तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे माझं काम तुला ठाऊकच नाही. ऐकू न येणाऱ्यांचे कान तपासते मी, त्यांना श्रवणयंत्रं लावून देते. का, ते तुला वेगळं सांगायला नको. भोरच्या पिठाच्या गिरणीत आबांचे कान गेले, आणि तू उत्रोलीला चुलीपुढून ओरडायचीस, "आवं, भाकरी गार व्हतीया," तेव्हा आपल्या घरी काय शिजलंय ते अख्ख्या आळीला कळायचं. आबांना एकदा यंत्र आणलं होतं, आठवतं? खिशात डबी, कानात वायर. साधं भांडं पडलं तरी आबा दचकायचे. चार दिवसांत त्यांनी ते देवळीत ठेवून दिलं. मी हिरमुसले, तर तू मलाच दटावलंस. "तोंड पाडू नगं. माझा घसा हाय की."

मी शिकले तेव्हा यंत्रं सुधारली होती, तरी एकेका माणसाला पुन्हा पुन्हा बोलवावं लागे. गाडीचा आवाज टोचतो का, सुनेचं बोलणं कळतं का, असं विचारत यंत्र जुळवायचं. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. तुला कसं सांगू? पावट्याच्या शेंगेएवढं यंत्र कानामागे बसतं आणि तू सुपात तांदूळ पाखडायचीस तसे आवाज पाखडतं. माणसाचं बोलणं ठेवतं, बाकीचं उडवून देतं. माझं निम्मं काम ते मला न विचारताच करतं. आमच्यातले बरेच जण धास्तावलेत. मीही धास्तावले आहे, खोटं कशाला बोलू.

आजचे आजोबा मार्गासनीचे, सोबत त्यांच्या कारभारीण. बाजारातल्या खोलीत यंत्र सुरू केलं तेव्हा बाहेर एसटी वळत होती, टेम्पोवाला हॉर्न बडवत होता. आजोबा खिडकीकडे वळले. पलीकडे दोन बाया वांग्यांसाठी घासाघीस करत होत्या. "भाव करत्यात," आजोबा म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले. त्या गलक्यातून यंत्रानं नेमकं तेवढंच उचलून त्यांना दिलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं हेच करतेय, तरी.

मग आजी सवयीनं त्यांच्या कानाशी ओरडल्या. यंत्रानं तो आवाज क्षणात खाली आणला, कानाला इजा झाली नाही. पण आजोबांचा चेहरा पडला. मी आजींना म्हटलं, नेहमीसारखं बोला. त्या म्हणाल्या, "बाई, माझं नेहमीचं ह्येच हाय." प्रयत्न केला त्यांनी, पण आवाज उतरेना. यंत्रानं तो लहान केला, त्यातलं ओरडणं मात्र त्याला काढता येत नव्हतं. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, घरात बाळ आत्ताच निजलंय असं समजा आणि आता हाक मारा. मग जेमतेम ऐकू येईल असं त्या म्हणाल्या, "आवं, च्या घेनार का?"

आजोबा त्यांच्याकडे वळले. "मला वाटायचं, तू सदा रागातच असतीस."

आजींनी पदर तोंडाला लावला. इतका हळू आवाज त्या यंत्राशिवाय आजोबांपर्यंत पोचलाच नसता, हे मी विसरत नाही. यंत्रापुढे हात जोडावेसे वाटले मला. माझ्या कामाची धास्ती तेवढ्यापुरती गेली. उद्या परत येईलही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, कपाटातच राहील. घरी आल्यापासून तुझा आवाज आठवून बघतेय. आबांना हाक मारणारा, मला ओढ्यावरून बोलावणारा, जो आठवतो तो सगळा ओरडतानाचाच. माझ्याशीही तू त्याच घशानं बोलायचीस. आई, तुझा हळू आवाज कसा होता, मला माहीतच नाही.