पुन्हा अपात्र ठरवण्याची विनंती

प्रति,
मा. कर्ज मंजुरी अधिकारी,
सरोवरकाठ मोबाइल कर्ज कंपनी,
होमा बे, केनिया.

विषय : मी कर्जास अपात्र असल्याचे पत्र शिक्क्यानिशी पुन्हा मिळणेबाबत.
संदर्भ : आपला अभिनंदनाचा मेसेज.

महोदय,

१. मी किनाऱ्यावर माशांना धुरी देऊन ते विकते. आमच्या बायकांच्या भिशीचे पैसे दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी माझ्या फोनवर जमत, आणि जिचा नंबर असेल तिला ते मी दिवस मावळायच्या आत पाठवत असे. "बाकीच्यांच्या हाताला गोंद आहे, डोरकसचा हात म्हणजे चाळणी," असे म्हणून बायकांनीच हे काम मला दिले होते.

२. बर्फाच्या पेटीसाठी मी आपल्याकडे कर्ज मागितले. आपण लेखी कळवले की, अर्जदाराच्या हाती रक्कम टिकत नाही, सबब जुगाराचा संशय येतो. ते पत्र मी रागाच्या भरात चुलीत घातले.

३. आपल्या खिडकीवरील श्री. ओचोला यांनी मला समजावले, "बाई, पैसे आले की लगेच उडवू नका. महिनाभर फोनमध्ये बसू द्या. आमच्या कॉम्प्युटरला बरं वाटतं." मी बसू दिले. त्या खेपेला नंबर पेनिना अडेरा हिचा होता. तिची सासू वारली होती आणि बिल भरल्याशिवाय इस्पितळ देह सोडत नव्हते. मी तिला सांगितले, नेटवर्क नाही. रोज तेच सांगितले. म्हातारी शवागारात पडून राहिली, तिथले भाडे चढत गेले, आणि माझी शिल्लक आपल्या पसंतीस उतरली. मला याची फार लाज वाटते.

४. शेवटी पेनिनाच्या दिरांनी बैल विकून देह सोडवला. दफनाच्या मांडवात माझ्या फोनवर आपला मेसेज आला, "अभिनंदन, आपण विश्वासू कर्जदार आहात." शेजारी बसलेल्या रोझबेलाबाईने तो मोठ्याने वाचला. पेनिना एवढेच म्हणाली, "आलं वाटतं नेटवर्क." पैसे मी तिथल्या तिथे पाठवले. भिशी त्याच दिवशी माझ्याकडून काढून घेण्यात आली.

५. मला आता कर्ज नको. तरी माझी पात्रता रद्द करून आधीचा नकार पुन्हा द्यावा. जुगाराचा शब्द तसाच राहिला तरी हरकत नाही. माझ्या हाती दुसऱ्याचा पैसा टिकत नसे, याला आता आपल्याशिवाय कोणी साक्षीदार उरलेला नाही. पत्राने भिशी परत मिळणार नाही, हे मला कळते. ते फक्त पेनिनाला दाखवायचे आहे. मी दिसले की ती वाट बदलते. शिक्का बघायला तरी थांबेल.

आपल्याच लेखी विश्वासू,
डोरकस अकेयो ओगोला
दि. १४ मार्च